ब्रिजिटचं नाव कुणी टाकलं?

चि. मृण्मयी हिस,

मुलगी झाली तर तिचं नाव तुझ्या आजीवरून, म्हणजे माझ्या आईवरून, गोदावरी ठेवावं असं तुझ्या मनात आहे; पण ‘म्हातारं वाटतं’ म्हणून सगळे नाक मुरडतात, असं तू कळवलंस. तू डब्लिनला राहतेस. तेव्हा आधी तिथल्या ब्रिजिट या नावाचं काय झालं ते वाच.

ब्रिजिट ही मूळची आयर्लंडची देवी. हजारेक वर्षांपूर्वीच्या ‘कॉर्मॅकच्या कोशा’त ती दाग्दा देवाची मुलगी आणि कवींची आराध्य देवता आहे; तिच्याच नावाच्या दोन बहिणींपैकी एक वैद्यकाची, दुसरी लोहारकामाची. किल्डेरला मठ स्थापणाऱ्या संत स्त्रीचंही नाव हेच. तिचा सण १ फेब्रुवारीला, वसंताच्या जुन्या इम्बोल्क उत्सवादिवशी येतो. मध्ययुगात आदरापोटी ‘ब्रिजिटचा सेवक’ अशा अर्थाची नावं मुलग्यांना ठेवत. एकोणिसाव्या शतकापर्यंत तर आयर्लंडमध्ये घरोघरी ब्रिजिट होती.

१८४५ पासून बटाट्याचं पीक कुजू लागलं. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं दगावली आणि निदान तितकीच देशोधडीला लागली. अमेरिकेत गेलेल्या असंख्य मुली बॉस्टन-न्यूयॉर्कच्या घरांत राबू लागल्या. त्यांच्यात ब्रिजिट इतक्या, की कुठल्याही आयरिश मोलकरणीला ‘ब्रिजिट’ किंवा ‘बिडी’ म्हणण्याची रीतच पडली. १८८३ मध्ये ‘पक’ साप्ताहिकात फ्रेडरिक ऑपर यांनी मालकिणीवर मूठ उगारणारी आडदांड आयरिश स्वयंपाकीण रंगवली. अशा हेटाळणीला कंटाळून कित्येकींनी डेलिया किंवा बर्था म्हणवून घेतलं आणि लेकींना आपलं नाव दिलं नाही.

नावात खोट नव्हती. याच मुली पगारातून घरी पैसे धाडत, धाकट्या भावंडांची जहाजाची तिकिटं काढत. लोक हसत होते ते त्यांच्या गरिबीला.

आज आयर्लंडमध्ये ग्रेस, एमिली, सोफी ही नावं पुढे आहेत. तरी १९९३ मध्ये किल्डेरच्या जोगिणींनी संत ब्रिजिटची ज्योत पुन्हा पेटवली, आणि २०२३ पासून तिच्या सणानिमित्त सार्वजनिक सुट्टी मिळते. स्त्रीच्या नावाची ती देशातली पहिलीच.

गोदावरी नको वाटलं तर खुशाल दुसरं नाव ठेव, पण कारण तुझं स्वतःचं असू दे. तुझ्या बाबांकडून आजीच्या चार गोष्टी ऐक. ओळखीत एखादी वयस्क ब्रिजिट असेल तर तिच्याशीही बोल. तिथे जन्मनोंदणीला तीन महिने मिळतात, तेव्हा घाई नाही. बारशाची तारीख मात्र लवकर कळव. मला विमानाचं तिकीट काढायचं आहे.

तुझी,
आत्या