उष्णता आणि तापमान

‘आज उष्णता फार आहे’ आणि ‘आज तापमान फार आहे’ ही दोन वाक्ये आपण व्यवहारात एकाच अर्थाने वापरतो, आणि त्यात फारसे बिघडत नाही. पदार्थविज्ञानात मात्र या दोन शब्दांची गल्लत करून चालत नाही. जुन्या मराठी पुस्तकांत ज्याला ‘उष्णतामापक’ म्हणत, ते यंत्र वस्तुतः उष्णता मोजीतच नाही. ते तापमान मोजते. ‘तापमापक’ हा शब्द पुढे रूढ झाला, हे बरेच झाले.

घागरभर कढत पाण्यातून पेलाभर पाणी काढून घेतले, तर पेल्यातील व घागरीतील पाण्याचे तापमान एकच असते. परंतु तो पेला थंड पाण्याच्या बादलीत ओतल्यास पाण्याचा गारठाही नीट मोडणार नाही. घागर ओतल्यास ते चांगले ऊन होईल. तापमान हे पदार्थाच्या कणांची हालचाल सरासरीने किती जोराची आहे याचे द्योतक होय. उष्णता ही एका वस्तूतून दुसरीत जाणारी ऊर्जा असून ती किती जाईल हे तापमानातील फरकाबरोबरच वस्तूच्या वजनावर व जातीवरही अवलंबून असते. फुलबाजीच्या ठिणगीचे तापमान हजार अंशांच्या वर असूनही ती हातावर पडली तर बहुधा क्षणभर चटका बसण्यापलीकडे काही होत नाही, कारण तिचे वजन नगण्य असते.

हा भेद प्रयोगाने स्पष्ट करण्याचे श्रेय ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांच्याकडे जाते. १७६१ च्या सुमारास त्यांनी दोन सारखी काचपात्रे घेतली. एकात बर्फ होते, दुसऱ्यात तितकेच, जवळजवळ गोठणबिंदूइतके थंड पाणी. दोन्ही पात्रे त्यांनी ४७ अंश फॅरनहाइट तापमानाच्या एका मोठ्या दालनात टांगली. पाण्याचे तापमान अर्ध्या तासात ३३ वरून ४० अंशांवर गेले. बर्फाच्या पात्राला तेच ४० अंश गाठण्यास साडेदहा तास, म्हणजे एकवीसपट वेळ लागला! दालनातील हवा तर दोन्ही पात्रांना सारखीच उष्णता पुरवीत होती. मग एवढ्या वेळात बर्फात शिरलेली उष्णता गेली कोठे? बर्फ वितळत असता तापमापकातील पारा तर हललाही नव्हता. ती सारी उष्णता बर्फाचे पाणी करण्यातच खर्ची पडली होती. तापमान न वाढविता पदार्थात सामावणाऱ्या या उष्णतेला ‘सुप्त उष्णता’ म्हणतात. ब्लॅक यांच्या हिशेबाने ती पाणी सुमारे १४० अंश फॅरनहाइटने तापविण्याइतकी होती. आजच्या मोजमापाने हा आकडा १४४, म्हणजे ८० अंश सेल्सियस आहे. त्या काळची साधने पाहता हा अंदाज थक्क करणारा आहे.

पाण्याची वाफ होतानाही असेच घडते. भाताच्या उघड्या पातेल्यातील पाणी एकदा उकळू लागले, की जाळ कितीही वाढविला तरी तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते. पाणी तेवढे लवकर आटते आणि भात काही लवकर शिजत नाही. जास्तीचे इंधन वाफेबरोबर निघून जाते.

ही निघून गेलेली उष्णता वाफेत दडलेली असते आणि वाफ निवून तिचे पाणी होताच बाहेर पडते. एक ग्रॅम कढते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना सुमारे ६३ कॅलरी उष्णता देते. १०० अंशांचीच एक ग्रॅम वाफ मात्र आधी पाणी होताना ५४० आणि नंतर निवताना ६३, अशा ६०३ कॅलरी त्वचेत सोडते. तापमापकाला दोन्ही सारखीच. हाताला मात्र साडेनऊपट फरक! झाकण काढताना ते आपल्यापासून दूर तिरपे उचलावे ते यासाठीच. वाफेने भाजल्यास तो भाग ताबडतोब वाहत्या थंड पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा, म्हणजे आत शिरलेली उष्णता पाण्याबरोबर निघून जाते. बर्फ लावू नये. त्याने त्वचेला आणखी इजा होते.