वर्तमानपत्राचं कव्हर

माहेर लातूर, सासर नांदेड, नोकरी मराठी शिकवण्याची, वय पन्नाशीच्या उंबऱ्यावर. आणि रात्री सगळे झोपले की मी 'प्रतिलिपी'सारख्या ॲपवर जबरदस्तीची लग्नं, सूडानं पेटलेले नवरे आणि गुंडांच्या प्रेमात पडलेल्या बायका वाचते. एवढं लिहायला मला तीन दिवस लागले. आता लिहिलंच आहे, तर बाकीचंही सांगते.

१. लपवलेली वस्तू सगळ्यात आधी दिसते. शाळेत असताना वाचनालयातून आणलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्यांना मी वर्तमानपत्राचं कव्हर घालायची. गणिताला खाकी कागद, काकोडकरांना वर्तमानपत्र. गंजगोलाईतून घरी येईपर्यंत अख्ख्या गल्लीला कळायचं, आज पोरीनं काय आणलंय ते. कळत नाही असं फक्त मला वाटायचं.

२. माझ्या चोरीला चांगला खानदानी इतिहास आहे, हे फार उशिरा समजलं. काकोडकरांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं २५ रुपये दंड केला, आणि १९६९ साली सुप्रीम कोर्टानं लेखकाला निर्दोष ठरवलं. हे वाचून मला अभिव्यक्तिस्वातंत्र्य वगैरे आठवायला हवं होतं. मला मात्र न्यायमूर्तींचा हेवा वाटला. भरदिवसा, कव्हर न घालता, आणि वर पगार घेऊन वाचायला मिळालं त्यांना!

३. निषिद्ध काय ते बऱ्याचदा पुठ्ठ्यावरून ठरतं. आमच्या घरात 'ययाती' काचेच्या कपाटात दिमाखात उभी असायची. स्वतःची वासना भागेना म्हणून बाप पोटच्या पोराचं तारुण्य मागतो, याहून काळोखी गोष्ट मी अजून मोबाइलवरही वाचलेली नाही. पण खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालेलं, त्यामुळे ती वाचताना बघून वडील खूश व्हायचे. मी पानं कोणती उघडायची, ते त्यांनी कधी पाहिलं नाही.

४. मला तो पुरुष नकोच असतो. दार अडवून उभा राहणारा नायक प्रत्यक्षात आला, तर मी आधी शेजारच्या काकूंना हाक मारीन. आमच्याकडं कुणी दार अडवून उभं असेल, तर ते चप्पल शोधत असतात. मग ओढ कशाची? खूप उलटंपालटं करून सापडलं ते असं: त्या दुष्ट माणसाला तिची पाठ कधी दुखते, चहात आलं किती लागतं, सगळं ठाऊक असतं. त्याचं अख्खं लक्ष तिच्यावर असतं. मी चष्म्याची फ्रेम बदलली, ते आमच्या घरात आठव्या दिवशी कळलं. तेही मीच सांगितल्यावर.

५. सगळ्यात खाली मान गेली ती कॉलेजात. अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एक जण रोज क्लासपासून होस्टेलपर्यंत मागं येतो. प्रेम आहे म्हणतो." आदल्याच रात्री मी ८४वा भाग वाचला होता. त्यात नायक हेच करत होता आणि मी 'पुढील भाग' दाबत होते. क्षणभर माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग भानावर आले. असा पाठलाग २०१३पासून कायद्यानं गुन्हा आहे हे सांगितलं, तिच्या घरी फोन लावला, जे करायचं ते केलं. पण तो क्षण अजून टोचतो. मुलगी गोंधळलेली नव्हतीच. तिला सरळ भीती वाटत होती. गोंधळले मी. कादंबरीतला तो शेवटी तिच्या पायाशी बसून रडणार, हे मला आधीच माहीत असतं. रस्त्यावरच्या पोराचा शेवटचा भाग कुणी लिहून ठेवलेला नसतो.

६. एवढं कळूनही वाचणं सुटलं नाही. परवा लातूरहून नांदेडला येत होते. एसटीनं अहमदपूर सोडलं आणि शेजारच्या बाईंनी मोबाइल काढला. उजेड अगदी कमी केलेला, स्क्रीन खिडकीकडं कललेली. तो कोन मी ओळखला. तेच वर्तमानपत्राचं कव्हर! मी शहाण्यासारखी समोर बघू लागले, पण त्याआधी डोळ्यांनी काम केलं होतं. कथा माझीच होती आणि बाई माझ्या अकरा भाग पुढं. तो रडला का, एवढंच विचारायचं होतं. धीर गोळा करेपर्यंत लोहा आलं आणि बाई उतरून गेल्या.