बुद्धिबळाचे यंत्र किती खोल पाहते?

"तुला किती चाली पुढचे दिसते?" हा प्रश्न बुद्धिबळ खेळणाऱ्याला हटकून विचारला जातो. जितके खोल पाहावे तितका खेळ चांगला, अशी माझीही समजूत होती. संगणकाच्या खेळाचा अभ्यास करताना ती डळमळली.

क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या विषयाचा पाया घातला. एका स्थितीत सरासरी ३० चाली शक्य असतात, असे धरू. एका बाजूची एक चाल म्हणजे एक पायरी. मग दोन पायऱ्यांत ९००, चार पायऱ्यांत ८ लाख १० हजार आणि सहा पायऱ्यांत ७२ कोटी ९० लाख स्थिती होतात. आणि हे दोघांच्या केवळ तीन-तीन चालींत!

यंत्र हे सारे तपासते काय? नाही. समजा, एक सुरक्षित चाल माझ्या हाती आहे. दुसरीला प्रतिस्पर्ध्याचे असे उत्तर सापडले की माझा वजीर फुकट जातो. मग त्याची उरलेली २९ उत्तरे पाहण्याचे कारणच काय? या छाटणीला 'अल्फा-बीटा' म्हणतात. दर वेळी सर्वोत्तम चाल आधी तपासली गेली, तर सहा पायऱ्यांना ५३,९९९ अंतिम स्थिती पुरतात. निष्कर्ष मात्र तोच निघतो.

तरीही कोठे तरी थांबावे लागतेच. शेवटच्या पायरीवर वजिराने प्यादे मारले, की यंत्र खूष! पुढच्याच चालीत तो वजीर मारला जाणार, हे त्याला दिसत नाही. अटळ संकट समोर असले, तर मध्येच निरर्थक शह देऊन यंत्र ते नजरेआड ढकलते आणि टळले असे मानते. हान्स बर्लिनर यांनी याला 'क्षितिज परिणाम' म्हटले. परीक्षा जवळ आली की आपण तरी याहून वेगळे काय करतो? यावर उपाय म्हणून, मारामारी चालू असलेल्या फांद्या पट शांत होईपर्यंत अधिक खोल तपासतात. म्हणजे यंत्राची खोली हा एकच ठराविक आकडा नव्हे.

१९९७ साली गॅरी कास्पारॉव्ह यांना हरविणारा 'डीप ब्लू' सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. २०१७ साली 'अल्फाझीरो'ने 'स्टॉकफिश'ला नमविले, तेव्हा स्टॉकफिश सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती पाहत होता, तर अल्फाझीरो अवघ्या ८० हजार! स्वतःशीच खेळून शिकलेली पारख त्याच्या कामी आली. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान डी ग्रूट यांना माणसांतही असेच आढळले होते. त्यांच्या १९४६ च्या प्रबंधानुसार श्रेष्ठ खेळाडू इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फारसे खोल पाहत नाहीत. योग्य चालीकडे त्यांचे लक्ष लवकर जाते.

आता कोणी मला तो प्रश्न विचारला, तर आकडा सांगण्याची घाई मी करणार नाही. कोणत्या फांद्या सोडल्या, आणि जेथे थांबलो तेथे पट शांत होता काय, हे आधी पाहीन.