चाचणीला न बसलेल्या मुलांची नोंद

चाचणीच्या गुणपत्रकात ज्या मुलाच्या नावापुढचा रकाना रिकामा राहतो, त्याच्याविषयी शाळेला सर्वाधिक माहिती हवी असते आणि नेमकी त्याच्याविषयीच सर्वांत कमी लिहिलेली असते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात हे विशेष जाणवते, कारण ऊस पिकवणारा आणि ऊस तोडायला बाहेर पडणारा असे दोन्ही मुलूख या एकाच जिल्ह्यात आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील तोडणी कामगार मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीने गाव सोडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचे गाळप संपेपर्यंत, सहसा परतत नाहीत. त्यांच्यासोबत मुलेही जातात.

राज्यात २०२३-२४ पासून घेतल्या जाणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांत शैक्षणिक वर्षाच्या आरंभी पायाभूत, पहिल्या सत्राच्या अखेरीस संकलित एक आणि वर्षअखेर संकलित दोन असा क्रम असल्यामुळे ऊसतोड कुटुंबातील मूल पहिल्या चाचणीला असते, दुसरीला कधी असते कधी नसते, आणि तिसरीच्या वेळी परतले तरी मधला अभ्यास त्याच्या हाती नसतो. राष्ट्रीय पातळीवरील संपादणूक सर्वेक्षणे १३ नोव्हेंबर २०१७, १२ नोव्हेंबर २०२१ आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी झाली, म्हणजे तिन्ही वेळा मुले स्थलांतरित होण्याच्या काळातच. अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात अडचण निराळी आहे: तेथे पायाभूत चाचणीच्या दिवसांत भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असते आणि ओढ्यांना पूर आलेला असतो.

गैरहजेरीचे कारण न नोंदवल्याने होणारी हानी आकड्यांतच लपते. समजा, तीस मुलांच्या वर्गात वीस जणांना सरासरी साठ टक्के व दहा जणांना तीस टक्के गुण आहेत. वर्गाची सरासरी पन्नास येईल. ती दहा मुले स्थलांतरित झाल्यावर उरलेल्यांनी तेवढेच गुण मिळवले तरी सरासरी साठ होते, आणि कोणीही काही नवे न शिकता वर्गाची प्रगती झाल्याचे कागदावर दिसते. म्हणून दोन चाचण्यांची तुलना दोन्हींना बसलेल्या मुलांपुरतीच करावी आणि किती मुले गळली हे त्याच पानावर लिहावे. अनुपस्थिताला शून्य देणे त्याहून अधिक घातक आहे, कारण शून्य म्हणजे मूल बसले आणि त्याला काही आले नाही, तर रिकामा रकाना म्हणजे त्याची परीक्षाच झाली नाही; या दोन मुलांना लागणारी मदत वेगळी असते.

नोंद चाचणीच्या आठवड्यातच व्हावी. महिन्याभराने विचारल्यास कोप्यांवर, म्हणजे कारखान्याच्या तळावरील झोपड्यांत, राहणारे पालक भेटत नाहीत, आणि मागे उरलेल्या आजी-आजोबांना कारखान्याचे नावही नेहमी ठाऊक नसते. ‘पालक उदासीन’ हा शेरा कारण म्हणून मुळीच स्वीकारू नये, कारण तो चौकशी थांबवतो. मूल कोणत्या दिवशी गेले, कोणासोबत गेले, कोठे गेले आणि केव्हा परतणार, हे लिहिलेले असले तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत वर्गानुरूप प्रवेश मिळावा म्हणून दिला जाणारा दाखला, वेळेत देता येते आणि तळाजवळच्या शाळेला कळवता येते. केवळ एका विषयाच्या दिवशी गैरहजर असलेले मूल, घरी धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी, आजारी मूल आणि वर्गात बसूनही उत्तरपत्रिका कोरी ठेवणारे मूल, यांना एका खुणेत कोंबू नये. विवाह ठरणे, मासिक पाळी, घरातील व्यसन अशी कारणे मात्र सर्वांच्या हाती पडणाऱ्या पत्रकात न लिहिता मुख्याध्यापकांजवळच्या स्वतंत्र वहीत ठेवावीत; मुलीचा विवाह ठरल्याचे कळल्यास नोंदीवर न थांबता बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असलेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) त्याच दिवशी कळवावे.

मूल परतले की पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून वाचन व साध्या क्रिया तोंडी करून घ्याव्यात, आणि तारखेसह तो निकाल त्याच रिकाम्या रकान्याशेजारी वेगळ्या शाईने लिहावा.