चार डावांत एकच जिंकला, तरी सामना आपला!

आजचा धडा बुद्धिबळाचा. चाली येत नसल्या तरी चालेल, आपल्याला फक्त हिशोब बघायचाय.

सप्टेंबर 2024, बुडापेस्ट, महिलांचं ऑलिम्पियाड. एका सामन्यात चार पटांवर चार डाव. डाव जिंकला तर 1, बरोबरीत सुटला तर अर्धा. बेरीज ज्याची जास्त त्या संघाला सामन्याचे 2 गुण. 4-0 ने जिंका नाहीतर 2.5-1.5 ने, गुण 2च! हे वहीत लिहून घ्या.

आपल्या मुलींनी पहिले सात सामने सलग जिंकले. आठवा पोलंडशी हरल्या, नवव्यात अमेरिकेशी बरोबरी. आता उरल्या दोनच फेऱ्या, आणि समोर चीन. इथे तीन डाव बरोबरीत सुटले. नागपूरच्या 18 वर्षांच्या दिव्या देशमुखने नी शिकुनला हरवलं. झालं, 2.5-1.5!

कौतुक दिव्याचं झालं, व्हायलाच हवं. तिने 11 पैकी 9.5 गुण करून वैयक्तिक सुवर्णही घेतलं. पण मला विचाराल तर ते तीन अर्धे गुण बघा. त्यातला एक जरी डाव गेला असता तर 2-2, म्हणजे सामन्याचा एकच गुण. पुढे शेवटच्या फेरीत अझरबैजानला 3.5-0.5 ने हरवून भारत 19 गुणांवर पहिला आला, कझाकस्तान 18 वर राहिलं. फरक किती? फक्त एक गुण!

आता दुकानात या. समजा, अणदूरला हायवेलगत तुमचं छोटं दुकान आहे. शेंगा चटणी, कडक भाकरी, पापड, काळा मसाला. चारही मालांवर भरपूर नफा पाहिजे म्हणून भाव चढवला, तर सोलापूर-हैदराबाद गाडीवाला थांबणारच नाही. चटणी तुमची दिव्या. तिच्यावर कमवा. भाकरी घ्यायलाच गिऱ्हाईक थांबतं, ती खर्चाला खर्च सुटली तरी बास. पण तोट्यात नको हां! भाकरीवर 2 रुपये जात असतील आणि चटणी त्यातच भरून निघत असेल, तर महिनाभर राबून हातात शून्य. बरेच जण इथेच फसतात, कारण गल्ला भरलेला दिसतो आणि प्रत्येक मालाचा हिशोब वेगळा नसतो.

आज रात्री एवढंच करा. चार मालांची नावं लिहा. प्रत्येकापुढे कच्चा माल, गॅस, पॅकिंग आणि तुमची स्वतःची मजुरी धरून एका नगाचा खर्च मांडा, शेजारी विक्रीचा भाव. मग ठरवा, कोणता डाव जिंकायचा आणि कोणता नुसता हरायचा नाही.