इंग्रजी व्याकरणाच्या परीक्षेंतील दोन प्रश्न : वाक्संप्रदाय व समांतर रचना

इंग्रजी व्याकरणाच्या उत्तरपत्रिका तपासूं लागलें म्हणजे असें दिसून येतें कीं, काळ, वचन व प्रयोग यांचे नियम ज्या विद्यार्थ्यास तोंडपाठ आहेत, तोही दोन ठिकाणीं हमखास अडखळतो. पहिलें ठिकाण वाक्संप्रदायाचें व दुसरें समांतर रचनेचें. पुष्कळ विद्यार्थी या दोहोंची गणना एकाच सदरांत करतात, आणि दोन्ही पाठ करूं पाहतात. आमच्या मतें चुकीचें मूळ येथेंच आहे. हीं दोन ज्ञानें जातीनेंच भिन्न होत. एक रूढीचें आहे, दुसरें युक्तीचें. एकास कान लागतो, दुसऱ्यास विचार. हा भेद एकदां मनांत ठसला म्हणजे अभ्यासाची वाट पुष्कळच सोपी होते.

प्रथम वाक्संप्रदाय घेऊं. शब्दांतच त्याचा अर्थ आहे : बोलण्याचा संप्रदाय, म्हणजे परंपरेनें चालत आलेली रीत. भूक लागली असतां आपण म्हणतों, 'पोटांत कावळे ओरडत आहेत'. हें वाक्य कोणी शब्दशः इंग्रजींत करून एखाद्या इंग्रज गृहस्थास ऐकविलें, तर तो जेवणाऐवजीं वैद्यास बोलावील! उलट, त्याच्या देशीं पाऊस 'कॅट्स अँड डॉग्ज' असा पडतो; आपल्याकडे तो मुसळधार पडतो. मांजरें व कुत्रीं कां, आणि मुसळच कां, हें विचारून उपयोग नाहीं. क्वचित् दोन भाषांची गांठ पडते. आपल्या तोंडाला पाणी सुटतें, तसें इंग्रजाच्याही तोंडाला सुटतें. परंतु असा योग येईलच अशा भरंवशावर परीक्षेस बसूं नये.

अशा ठळक संप्रदायांपेक्षां लहान संप्रदायच विद्यार्थ्यास अधिक फसवितात. कोणत्या शब्दापुढें कोणतें शब्दयोगी अव्यय यावें, हाही संप्रदायच होय. मराठींत 'तो माझ्यावर रागावला' असें आपण म्हणतों, म्हणून विद्यार्थी 'अँग्री ऑन मी' लिहितो. इंग्रजींत तें 'अँग्री विथ मी' असें आहे. मराठींत लग्न कोणाशीं तरी होतें, म्हणून तो 'मॅरिड विथ' लिहितो. शुद्ध रूप 'मॅरिड टु'. मराठींत एखाद्या विषयावर चर्चा होते, म्हणून 'डिस्कस अबाउट' असें लिहिलें जातें. वस्तुतः 'डिस्कस' या क्रियापदास मध्यस्थ मुळींच खपत नाहीं. गंमत अशी कीं, त्याच शब्दाचें नाम घेतलें तर 'डिस्कशन अबाउट' अगदीं शुद्ध ठरतें. 'एंटर' व 'रीच' यांचाही स्वभाव असाच. खोलींत शिरणें म्हणजे 'एंटर द रूम', स्टेशनास पोहोंचणें म्हणजे 'रीच द स्टेशन'. मध्यें 'इन्टु' अथवा 'अ‍ॅट' घालूं नये.

कांहीं संप्रदायांस इतिहास असतो, व तो कळला म्हणजे स्मरणास मदत होते. 'सीनियर', 'जूनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' हे शब्द लॅटिनमधून आले. तुलनेचा भाव त्यांच्या पोटांतच आहे, म्हणून त्यांच्यापुढें 'दॅन' येत नाहीं, 'टु' येतें. 'प्रिफर' याचा मूळ लॅटिन अर्थ 'पुढें ठेवणें' असा. म्हणून एक वस्तु दुसरीच्या पुढें ठेवतांनाही 'प्रिफर टी टु कॉफी' असेंच म्हणावयाचें.

आमच्या विद्यार्थ्यांस पवित्र शास्त्राची ओळख आहे, म्हणून आणखी दोन उदाहरणें देतों. दुसऱ्याच्या अपराधाचा दोष ज्याच्या माथीं मारला जातो त्यास इंग्रजींत 'स्केपगोट' म्हणतात. हा शब्द विल्यम टिंडल यांनीं घडविला. त्यांनीं १५३० सालीं पंचग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, त्यांतील लेवीयच्या १६ व्या अध्यायांत तो आला आहे. आपण मराठींत 'बळीचा बकरा' म्हणतों. परंतु मूळ कथेंतील हा बकरा बळी दिला जात नसे, लोकांचीं पापें त्याच्या मस्तकावर ठेवून त्यास जिवंत रानांत सोडून देत. बळी जाई तो दुसरा. तसेंच 'द रायटिंग ऑन द वॉल' म्हणजे येऊं घातलेल्या अनर्थाची स्पष्ट खूण. दानीएलाच्या ५ व्या अध्यायांत बेलशस्सर राजाच्या मेजवानीचें वर्णन ज्यानें वाचलें आहे, त्यास हा वाक्प्रचार निराळा पाठ करावा लागत नाहीं.

तथापि संप्रदाय हा अखेर संप्रदायच. एकाच भाषेंत देशपरत्वें तो बदलतो. 'डिफरंट फ्रॉम' सर्वत्र चालतें. इंग्लंडांत 'डिफरंट टु' कानीं पडतें, अमेरिकेंत 'डिफरंट दॅन'. म्हणून येथें चुकणारा मुलगा मंदबुद्धि आहे असें अनुमान कोणीं काढूं नये. ज्याच्या घरीं इंग्रजी बोललें जातें, त्याच्या कानावर हे शब्दप्रयोग आपोआप पडतात. ज्याच्या घरीं तें बोललें जात नाहीं, त्यास ते वाचून मिळवावे लागतात. फरक संगतीचा आहे, बुद्धीचा नव्हे.

आतां समांतर रचनेकडे वळूं. येथें संगतीचा प्रश्नच नाहीं. नियम एवढाच : वाक्यांत ज्या गोष्टी एका रांगेंत बसविल्या असतील, त्यांचा पोशाखही एक असावा. नामाशेजारीं नाम, क्रियापदाशेजारीं क्रियापद, धातुसाधिताशेजारीं धातुसाधित. 'शी लाइक्स रीडिंग, रायटिंग अँड टु स्विम' हें वाक्य परीक्षक मुद्दाम घालतो. 'शी लाइक्स टु स्विम' हे शब्द एकटे घेतले तर शुद्ध आहेत. परंतु पहिल्या दोघांच्या रांगेंत तिसरा निराळ्या वेषानें उभा आहे. म्हणून 'रीडिंग, रायटिंग अँड स्विमिंग' असें पाहिजे.

हा नियम इंग्रजांनीं आपणांस शिकविला असें मात्र समजूं नये. 'नांव मोठें, लक्षण खोटें'. 'आधीं शिदोरी, मग जेजुरी'. 'करावें तसें भरावें' — या म्हणी आपल्या आजीबाईंच्या तोंडीं होत्या, आणि त्यांनीं व्याकरणाचें पुस्तक उघडलेंही नसेल. आतां पहिली म्हण मोडून पाहा : 'नांव मोठें आणि लक्षणांत खोटेपणा'. अर्थ तोच राहिला, पण कान तत्काळ तक्रार करतो. ज्या कानानें ही तक्रार केली, तोच कान इंग्रजी परीक्षेंत उपयोगास येतो.

याचें कारण असें कीं, समांतर रचना ही शब्दांची नसून विचारांची जुळणी आहे. रॉबर्ट लाउथ नांवाचे विद्वान ऑक्सफर्ड येथें काव्याचे प्राध्यापक होते व पुढें १७७७ सालीं लंडनचे बिशप झाले. इब्री काव्यावरील त्यांचीं लॅटिन व्याख्यानें १७५३ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, स्तोत्रांच्या काव्याचा मोठा आधार चरणांचें समांतरत्व हा आहे. एका चरणांतील विचार दुसरा चरण निराळ्या शब्दांनीं पुनः सांगतो, किंवा त्याच्या विरुद्ध विचार समोर उभा करतो, किंवा तोच पुढें वाढवितो. याच लाउथ यांनीं १७६२ सालीं इंग्रजीचें एक लहानसें व्याकरण लिहिलें, व तें शाळांतून फार काळ प्रमाण मानलें गेलें. आमच्या उपासनेंत आम्ही स्तोत्रें मराठींत म्हणतों. इब्री भाषेचा नाद त्यांत उरला नाहीं, परंतु दोन चरणांचा तोल जशाचा तसा उरला आहे. तात्पर्य, वाक्संप्रदाय भाषांतरांत सहसा मरतो, समांतर रचना भाषांतरांतही जगते. म्हणून पहिला त्या त्या भाषेपासूनच शिकावा लागतो, आणि दुसरी आपण मातृभाषेंतच शिकूं शकतों.

परीक्षेंत या रचनेचे सांपळे बहुधा तीन असतात. पहिला, जोडीच्या शब्दांचा. 'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो', 'आयदर' आणि 'ऑर', 'बोथ' आणि 'अँड' हीं तराजूचीं दोन पारडीं होत. 'ही नॉट ओन्ली टॉट हिस्टरी बट ऑल्सो म्यूझिक' यांत एका पारड्यांत क्रियापद पडलें, दुसऱ्यांत नुसतें नाम. 'ही टॉट नॉट ओन्ली हिस्टरी बट ऑल्सो म्यूझिक' असें म्हटलें कीं पारडीं समतोल होतात. दुसरा सांपळा तुलनेचा. 'द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर इज कूलर दॅन सातारा' या वाक्यांत हवेची तुलना गांवाशीं झाली; ती हवेशींच व्हावयास पाहिजे, म्हणून 'दॅन दॅट ऑफ सातारा'. तिसरा सांपळा उलट जातीचा, व हुशार मुलासच अधिक बाधक. 'द बॉय केम होम, कॅरीइंग हिज बुक्स' या वाक्यांत तो स्वल्पविराम पाहून दोन्ही क्रिया सारख्या करूं धांवतो. परंतु पुस्तकें घेऊन येणें ही दुसरी स्वतंत्र क्रिया नसून घरीं येण्याची रीत आहे. येथें रांगच नाहीं, मग पोशाख सारखा कशास? वाक्य शुद्ध आहे.

कांहीं प्रश्नांत हीं दोन्ही ज्ञानें एकत्र येतात, व तेथें खरी कसोटी लागते. 'शी हॅज रिस्पेक्ट अँड कॉन्फिडन्स इन हर टीचर' हें वाक्य वरवर निर्दोष दिसतें. परंतु 'कॉन्फिडन्स' यास 'इन' हवें, आणि 'रिस्पेक्ट' यास 'फॉर'. दोघांचे सोबती निराळे, म्हणून दोन्ही लिहिले पाहिजेत : 'रिस्पेक्ट फॉर अँड कॉन्फिडन्स इन हर टीचर'. मराठींतही 'गुरूंवर आदर व विश्वास' असें म्हणणें शिथिलपणाचें आहे. आदर गुरूंविषयीं असतो आणि विश्वास गुरूंवर. उलट 'फॉन्ड अँड प्राउड ऑफ हिज व्हिलेज' हें शुद्ध आहे, कारण दोन्ही विशेषणांचा सोबती एकच.

हा सारा ऊहापोह केवळ शाळेच्या गुणांसाठीं नाहीं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची लेखी परीक्षा एकंदर ९०० गुणांची असते, व त्यांत इंग्रजीचे २०० गुण असतात. वाक्याचे तीन तुकडे करून कोणत्या तुकड्यांत चूक आहे तें विचारावयाचें, आणि 'चूक नाहीं' असा चौथा पर्याय ठेवावयाचा, ही तेथील परिचित पद्धत. चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा होतो. तेथें अंदाजानें खूण करणें म्हणजे गांठचें गमावणें होय.

तर विद्यार्थ्यांनीं काय करावें? संप्रदायासाठीं एक लहान वही ठेवावी, व तींत शब्द एकटा न लिहितां त्याच्या सोबत्यासह, पूर्ण वाक्यांत लिहावा. रोज थोडें इंग्रजी मोठ्यानें वाचावें. डोळ्यास न दिसणारी चूक पुष्कळदां कानास सांपडते. समांतर रचनेसाठीं वही नको, पेन्सिल पुरे. प्रथम 'अँड', 'ऑर', 'बट', 'दॅन' यांपैकीं शब्द आहे काय तें शोधावें. मग त्यानें कोणत्या वस्तु जोडल्या आहेत त्यांखालीं रेघ ओढावी. शेवटीं प्रत्येक वस्तु वाक्याच्या आरंभाशीं वेगवेगळी जोडून वाचावी, आणि सर्वांचें रूप एक आहे कीं नाहीं तें पाहावें.

आतां पालकांस दोन शब्द. मुलाचें इंग्रजी सुधारावें म्हणून घरांत मराठी बोलणें बंद करणारे पालक आमच्या पाहण्यांत आहेत. त्यांचा हेतु चांगला असला, तरी उपाय घातक आहे. वाक्याचा तोल, तुलनेंतील नेमकेपणा, कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या रांगेंत बसते याची जाण, हें सर्व मूल आईच्या भाषेंत प्रथम शिकतें. ती जाण एकदां आली म्हणजे ती कोणत्याही भाषेंत बरोबर जाते. ती नसेल, तर शंभर वाक्प्रचार पाठ करूनही परकी भाषा परकीच राहते. 'आम्हांस इंग्रजी येत नाहीं, आम्ही काय मदत करणार?' असें कोणी म्हणूं नये. मुलास म्हणी सांगाव्या, दिवसभराची हकीकत नीट क्रमानें सांगावयास लावावी, आणि त्याचें वाक्य अर्ध्यावर लंगडलें तर तें पुनः म्हणवून घ्यावें. एवढें करणारी माता निरक्षर असली, तरी इंग्रजी व्याकरणाचा अर्धा धडा तिनें शिकविला असें आम्ही समजतों. उरलेला अर्धा शिकविणें हें आम्हां शिक्षकांचें काम. तें आम्ही आनंदानें करूं.