मळसूत्र की ग्रहमालिका?

कारखान्यात नेहमी आढळणारी चार ध्रुवांची विजेची मोटार ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते. तिने जो वाहक पट्टा ओढावयाचा असतो, त्याच्या रुळाला मात्र कित्येकदा ३० फेरेच पुरेसे असतात. म्हणजे वेग ४८ पटींनी उतरवावयास हवा. वेग उतरविणारी दंतचक्रे मोटारीलाच जोडून जे एकसंध यंत्र बनते, त्याला गिअर मोटार म्हणतात. तिची निवड करताना बहुधा दोन रचना समोर येतात.

पहिली रचना मळसूत्राची. कारागीर तिला ‘वर्म’ म्हणतात. पोलादी दंडावर कोरलेले मळसूत्र ब्राँझच्या दंतचक्रात अडकविलेले असते. एकेरी मळसूत्राचा एक फेरा पुरा झाला की चक्र एका दात्याने पुढे सरकते; चक्राला ४८ दाते असले, की इष्ट वेग एका टप्प्यात मिळतो. ही युक्ती भारताला परकी नाही. कापसातून सरकी काढण्याच्या जुन्या चरकीत लाकडी लाटांच्या टोकांना मळसूत्रेच कोरलेली असत व त्यांच्यामुळे दोन्ही लाटा परस्परविरुद्ध दिशांना फिरत. आजची मळसूत्री पेटी आवाज फारसा करीत नाही, अकस्मात बसणारे धक्के सोसते आणि गतीला काटकोनात वळविते. किंमतही माफक असते.

तिचा दोष घर्षणाचा आहे. येथे दाते एकमेकांवरून लोळत नाहीत, घासत जातात. त्यामुळे पेटी तापते, ब्राँझ झिजते व शक्तीचा मोठा अंश उष्णतेत जातो. वेग मोठ्या पटीत उतरविणाऱ्या पेट्यांची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास असणे नवलाचे नाही.

दुसरी रचना ग्रहमालिकेची. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती तीन किंवा अधिक ग्रहचक्रे आणि त्या सर्वांना वेढणारे, आतील बाजूस दाते असलेले वलयचक्र. ‘सूर्य आणि ग्रह’ ही उपमा जुनी आहे. जेम्स वॅटने १७८१ साली पेटंट घेतलेल्या रचनेला तेच नाव होते. वलय स्थिर ठेवून सूर्यचक्र फिरविले म्हणजे ग्रहचक्रांना धरणारी चौकट संथपणे फिरते. सूर्याला १८ व वलयाला ७२ दाते असल्यास वेग पाच पटींनी उतरतो. ४८ च्या जवळपास जाण्यासाठी प्रत्येकी सात पटींचे दोन टप्पे एकापुढे एक जोडावे लागतात. भार अनेक ग्रहचक्रांत वाटला जात असल्याने लहानशी पेटीही मोठे परिबल पेलते. दोन टप्प्यांची कार्यक्षमता सुमारे ९४ टक्के भरते. मात्र दाते फार काटेकोर कापावे लागतात, आणि किंमत त्या प्रमाणात वाढते.

समजा, रुळापाशी एक किलोवॅट शक्ती हवी आहे. ६० टक्क्यांच्या मळसूत्री पेटीला मोटारीकडून १.६७ किलोवॅट द्यावे लागतील, ग्रहमालिकेला १.०६. यंत्र रोज १६ तास व वर्षातून ३०० दिवस चालत असेल, तर या फरकापायी वर्षाला सुमारे २,९०० युनिट वीज केवळ पेटी तापविण्यात जाते. उलट तीच मोटार एखादे फाटक दिवसातून दहा मिनिटेच सरकवीत असेल, तर वर्षाचा फरक ४० युनिटांच्याही आत राहतो. तेथे महागडी ग्रहमालिका बसविणे ही निव्वळ उधळपट्टी होय.

ओझे उचलावयाचे असल्यास निराळाच विचार करावा लागतो. मळसूत्री पेटी उलटी फिरत नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे व तो धोक्याचा आहे. ज्या घर्षणाने वीज वाया जाते तेच घर्षण ओझे अडवून धरते. ते कमी झाले, की अडवणूकही संपते. जी जोडी कोणत्याही स्थितीत उलटी फिरत नाही, तिची कार्यक्षमता ५० टक्क्यांहून कमीच असावी लागते. ६० टक्क्यांची पेटी स्तब्ध असताना ओझे कदाचित धरून ठेवील. परंतु शेजारच्या यंत्राचे हादरे बसू लागले, किंवा अधिक निसरडे कृत्रिम वंगण भरले, तर ते हळूहळू खाली घसरू शकते. यारीखाली माणसे वावरत असतात. म्हणून पेटी मळसूत्राची असो वा ग्रहमालिकेची, वीज जाताच आपोआप आवळला जाणारा ब्रेक मोटारीवर असलाच पाहिजे.

राहता राहिला दुरुस्तीचा प्रश्न. झिजलेले ब्राँझचे चक्र गावातील चांगला कातारी नवे करून देऊ शकतो. ग्रहमालिकेचा दाता तुटला, तर बहुधा संपूर्ण टप्पाच निर्मात्याकडून मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत यंत्र बंद राहते.